दाराआडचा सा

१

सुरुवातीलाच माफी मागतो. मी आठवीत शाळा सोडली. ऱ्हस्वदीर्घाचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि जड शब्द मला येत नाहीत. जे तोंडाने सांगायला हवं होतं ते सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

मी एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला आहे. आमच्याकडे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. माझं काम सकाळी सहा ते दोन, चार ड्रायरवर. त्यातला तीन नंबरचा ड्रायर पूर्ण भरून चालू केला की एक सूर धरतो, आणि चादरी सुकेपर्यंत तो सूर इकडचा तिकडे होत नाही. सतरा वर्षांचा असल्यापासून मी त्या सुराला सा मानून गातो. रेडिओवर जे शास्त्रीय ऐकायचो ते तिथे म्हणून बघायचो. मशीनच्या घरघरीत कोणाला ऐकू जात नाही, म्हणून लाज वाटत नाही. एरवी चार माणसांत स्वतःचं नाव सांगतानाही मला घाम फुटतो. मी ताईकडे राहतो; तिचा नवरा, आमचे भावजी, मला मुक्या म्हणतात.

गेल्या वर्षी आवाज बसायला लागला. वीस मिनिटं गायलो की घशात काचेचा चुरा. ताईने धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं.

"गाता का?"

"थोडंसं."

"कोणाकडे शिकता?"

ड्रायरकडे, असं सांगणार होतो. 

"स्वरतंतूंवर गाठी धरायला लागल्यात," ते म्हणाले. "अजून लहान आहेत. एक तर गाणं सोडा, नाही तर नीट शिकवणारं माणूस शोधा. असंच रेटलंत तर वर्षभरात बोलायचाही आवाज जाईल."

परत येताना बसमध्ये मी हिशेब केला की गाणं गेलं तर माझ्याकडे काय राहतं. फार वेळ लागला नाही. ताई म्हणाली, "काय रे?" मी म्हटलं, "शोधतो."

२

शोधायला लागलो.

पहिल्या गुरुजींनी वय विचारलं. सव्वीस म्हटल्यावर म्हणाले, "छान. मुलाला कधी आणताय?" शिकणारा मीच आहे हे कळल्यावर ते इतके खजील झाले की त्यांनी मला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडायला आले. शिकवायला मात्र नाही म्हणाले.

दुसऱ्या ठिकाणी वर्ग होता, वीस-बावीस जणांचा. मॅडम टाळ्या वाजवत ओरडायच्या, "पोटातून! पोटातून!" पोटात नेमकं कुठून ते कोणी सांगत नव्हतं. तीन आठवड्यांत पाणी गिळतानासुद्धा दुखायला लागलं.

तिसरे गुरुजी नावाजलेले आणि स्वभावाने खरोखर चांगले. त्यांनी पेटीवर एक पट्टी दाबली आणि म्हणाले, लाव सा. मी लावला तो माझा, तीन नंबरचा. त्यांनी शेजारची पट्टी दाबली. तिथेही बसेना.

"अरे, तू दोन पट्ट्यांच्या फटीत गातोयस."

"आमचा ड्रायर तिथेच वाजतो."

त्यांनी पेटीचा भाता मिटला. मग म्हणाले, "फटीत गाणाऱ्याला साथ कोण करणार? आधी तो सूर विसर, मग ये." दोन महिने प्रयत्न केला. कामाला रोज त्याच्याच शेजारी उभं राहायचं, विसरणार कसं?

मग डोक्यात आलं की पेटीच त्या फटीत लावून घ्यावी. म्हणून पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात गेलो. तो पितळी पट्टीवर कानस फिरवत होता. मी दबक्या आवाजात सूर लावून दाखवला. कानस थांबली.

"हा सूर मी ऐकलाय."

"आमच्या लॉन्ड्रीत?"

"नाही." त्याने कागदाच्या कपट्यावर पत्ता लिहिला. "या बाई मोठ्या माणसांनाच शिकवतात. एका वेळी एकालाच. गळा बसवतात म्हणे. मी एकदाच गेलो होतो, पेटी लावून हवी का विचारायला. म्हणाल्या, इथे पेटी लागत नाही."

"मग सूर कशावर धरतात?"

"तेच मला कळेना," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा कानस फिरवायला लागला. "म्हणून परत गेलो नाही."

३

बिल्डिंगच्या खाली चष्म्याचं दुकान, बाजूने जिना. तिसऱ्या मजल्यावर एकच दार. दुपारचे तीन वाजले होते.

बाई साठीच्या असतील. आखूड केस, राखाडी स्वेटर, गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला मफलर. इतकं हळू बोलायच्या की पुढे झुकून ऐकावं लागे. खोलीत एक चटई, एक घड्याळ, किटली, खिडकी. आतल्या बाजूला फिकट हिरवं दार होतं, बंद. बाईंची लाकडी खुर्ची त्या दाराला पाठ टेकवून ठेवलेली.

दाराआड कोणीतरी सा धरला होता. पुरुषाचा आवाज, सपाट, न हलणारा. मला आधी काही वावगं वाटलं नाही. रोजच्याच सुरात उभं असल्यासारखं वाटलं. मग अंगावर काटा आला. तो माझा सा होता. फटीतला. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

"माझा आधीचा विद्यार्थी आहे," बाई म्हणाल्या. "त्याचा रियाज चालू आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. त्याच्यात मिसळ."

मी मिसळलो. पेटी नाही, विसरायचं काही नाही, सूर आयता तयार. बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"काम काय करतोस?"

"लॉन्ड्रीत. ओल्या चादरींची पोती उचलतो."

"तेच. पोतं उचलताना घेतोस तसा श्वास घेतोस. खांदे वर जातात आणि गळा दाबला जातो. आडवा हो."

मी चटईवर आडवा झालो. त्यांनी माझ्या पोटावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. म्हणाल्या, श्वास घेताना पेला वर, सूर सोडताना पेला खाली, आणि पाणी हलता कामा नये. पहिल्यांदा सगळा शर्ट भिजला. पाचव्यांदा पाणी हललं नाही आणि घशातून आवाज असा निघाला जसं कोणी मागून ढकलत नसताना दार आपोआप उघडावं.

चाळीस मिनिटं गायलो. काचेचा चुरा नाही, काही नाही. जिना उतरताना माझे डोळे भरून आले होते. इतके दिवस शोधत होतो ते माणूस हेच, याबद्दल मनात कणभर शंका राहिली नाही.

बसथांब्यावर उभं राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बाईंनी आज श्वासाशिवाय दुसरं काही शिकवलं नव्हतं, म्हणून कान तिकडेच होते. त्या चाळीस मिनिटांत दाराआडच्या माणसाने एकदाही श्वास घेतला नव्हता.

४

"रेकॉर्ड असेल रे," भावजी म्हणाले. "हल्ली मोबाइलवर मिळतं सगळं. एकच सूर, दहा तास."

"माझ्याच पट्टीत?"

"तुझी काय पेटंट पट्टी आहे का?"

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुला बरं वाटलं ना? दुखलं नाही ना? मग त्या बाईंच्या घरात कोण श्वास घेतं आणि कोण नाही, तुला काय करायचंय?"

हे दोघं म्हणाले ते मला पटलं. शिवाय आत दोघे जण असतील, आळीपाळीने गात असतील, हेही मी स्वतःला सांगितलं. मी मशीनवर काम करणारा माणूस. आवाज आला की त्याला कारण असतं. बेअरिंग गेलेलं असतं, पट्टा सैल असतो. कारण सापडलं नाही म्हणजे नीट बघितलं नाही.

फक्त एक होतं. रेकॉर्ड एका जागी असते. तो आवाज मी खिडकीशी गेलो तेव्हा थोडा खिडकीकडे वळल्यासारखा वाटला होता.

तरी ठरवलं. आठवड्यातून तीन दिवस, काही झालं तरी जायचं.

५

दीड महिना गेला. मी तासभर गायला लागलो. ड्रायरजवळ गाताना एकदा सुपरवायझर थांबून म्हणाला, "रेडिओ बंद कर." मी म्हटलं, मीच आहे. तो म्हणाला, "मग चालू दे." मला आयुष्यात मिळालेली ती पहिली दाद.

एक दिवस बाई म्हणाल्या, "आज भरायला शिक."

गाणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, त्यांनी समजावलं. मुख्य गाणारा श्वास घेतो तेव्हा मागे बसलेल्या शिष्याने सूर उचलायचा. तो कुठे संपला आणि हा कुठे सुरू झाला ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ज्याला भरता येतं त्यालाच पुढे गाता येतं.

"त्याच्यासाठी भर," असं म्हणून बाईंनी पाठीमागे हात नेला आणि हिरव्या दारावर बोटाने दोनदा टकटक केली.

मी सूर लावला. दाराआडचा आवाज थांबला.

मग त्याने श्वास घेतला.

म्हणजे माणूसच होता. मला आधी इतकं हायसं वाटलं की सूर हलला, बाईंनी डोळे वटारले. पण तो श्वास संपेना. बुडालेलं माणूस वर आल्यावर घेतं तसा, ओढत, थरथरत, आत आत जाणारा. मी मनात आकडे मोजत होतो. एकोणीसपर्यंत मोजले. मग त्याने पुन्हा सूर धरला, माझ्या सुरावर इतका अलगद की मला माझा आवाज कुठे संपला ते कळलं नाही.

"छान," बाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदा हसल्या. हसताना त्यांचे डोळे ओले झाले. मला वाटलं, माझ्या प्रगतीने.

मी एवढंच विचारलं, "त्यांना एकदा भेटता येईल का?"

"भेटशील," बाई म्हणाल्या.

६

पुढच्या वेळी लवकर पोचलो म्हणून खाली चष्म्याच्या दुकानाशी थांबलो. दुकानवाले काका बोलके होते.

"वरच्या बाईंकडे? गाणं शिकता?"

"हो. आवाज येत असेल ना तुम्हाला सारखा?"

"वरून? बारा वर्षं दुकान आहे माझं. एक सूर ऐकला नाही." त्यांनी खण उघडला. "तुमच्याआधी एक बसचा ड्रायव्हर यायचा शिकायला. उंच, सज्जन माणूस. वर जाताना रोज हात करायचा. चष्मा करायला टाकला आणि न्यायलाच आला नाही. हा बघा, तयार पडलाय. भेटले तर सांगा."

"शेवटचे कधी आले होते?"

"झालं की वर्ष. वर जाताना बघितलं होतं. उतरताना नाही बघितलं. पण मी काय जिन्यावर डोळे लावून बसतो?"

तेही खरंच. मी बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या खोलीची खिडकी, तिच्या शेजारी एका छोट्या खोलीएवढी भिंत, आणि मग बिल्डिंग संपते. कोपऱ्यापलीकडची भिंत कोरी. तिच्यावर पाण्याचा एक पाइप, बाकी काही नाही. त्यापुढे गल्लीची हवा.

म्हणजे हिरव्या दारामागे एक खोली होती, आणि तेवढीच. गायला जागा आहे, माणूस आहे, मग घाबरायचं काय? आवाज खाली येत नाही, भिंती जाड असतील.

मी जिना चढलो. वरच्या वळणावर सूर कानावर आला. खालच्या पायरीवर आलो, तर नाही. वर गेलो, तर आहे. मी असं तीनदा करून बघितलं. मग तासाची वेळ झाली म्हणून आत गेलो.

७

डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. या वेळी बराच वेळ बघत राहिले.

"गाठी विरल्यात. कोण आहे तुमचा मास्तर?"

"बाई आहेत एक."

"सोडू नका त्यांना."

सोडणार नव्हतोच. ताईने त्या दिवशी मला समोर बसवून गायला लावलं. मी भिंतीकडे तोंड करून का होईना, पण गायलो. भावजींनी चेष्टा केली नाही. नंतर म्हणाले, "मुक्या, हे लोकांसमोर गायचं असतं, भिंतीसमोर नाही," आणि आत निघून गेले. 

भरण्याचा वेळ वाढत चालला. आधी काही क्षण, मग दोन मिनिटं, मग सात. मी सूर धरून उभा, आणि दाराआड तो मोकळा. खोकायचा. पाणी प्यायचा, घोट मोजता येत. कधी दोन पावलं टाकायचा, तिसरं टाकायला जागा नसल्यासारखा थांबायचा.

मग तो बोलायला लागला. आवाज चिरका, शब्द जिभेवर बसत नसल्यासारखे.

"बाहेर ऊन आहे का?"

मी उत्तर कसं देणार? माझ्या तोंडात सूर होता. बाईंकडे बघितलं. त्या किटलीकडे बघत होत्या.

"तू काय काम करतोस?" तो पुढच्या वेळी म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणखी थोडं थांब हं. एवढ्यात घेतो." आठ तासांची ड्यूटी संपल्यावर बदली ड्रायव्हर उशिरा येतो तेव्हा माणूस जसं हसत पण थकून बोलतं, तसं.

त्या दिवशी तास संपल्यावर मी हिंमत केली. "बाई, ते बाहेर का येत नाहीत?"

बाई मफलर नीट करत राहिल्या. "आजवर किती आले, किती गेले. कोणाचा सूर आठवडाभर टिकला, कोणाचा महिना. तुझा टिकेल. तुझ्यासारखा मला दुसरा मिळाला नाही."

अशी शाबासकी मला कोणी दिली नव्हती. त्या आनंदात मला घरी जाईपर्यंत समजलं नाही की माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंच नाही.

८

पुढच्या खेपेला बाईंची खुर्ची दारासमोर नव्हती.

"आज आत," बाई म्हणाल्या.  "तू इथूनच सूर धर. मग दार उघडते. तो बाहेर येईल, तू आत जा. मध्ये खंड पडू द्यायचा नाही."

मी सूर धरला. त्यांनी हिरवं दार उघडलं.

आत खिडकी नव्हती. कपाटाएवढी खोली, पिवळा दिवा. खालच्या काकांनी सांगितलेला तो उंच ड्रायव्हर आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्या समोर आणखी एक दार होतं आणि त्याचे ओठ त्या दाराच्या लाकडापासून बोटभर अंतरावर होते. तो सूर आमच्यासाठी नव्हता. त्या दाराला ऐकवला जात होता. फरशीवर त्याच्या दोन पावलांखाली दोन खळगे होते. एका माणसाने पाडले असतील असे ते वाटत नव्हते.

आणि ते दुसरं दार गल्लीकडच्या भिंतीत होतं, जिथे बाहेरून नुसता पाइप आहे.

बाईंनी त्याच्या पाठीवर दोनदा टकटक केली. तो थांबला आणि न वळता उलट्या पावलांनी मागे यायला लागला. जागा रिकामी झाली. बाईंनी मला खांद्याला धरून पुढे केलं.

मी खळग्यांकडे बघितलं आणि माझ्याही नकळत गायचा थांबलो.

तेवढाच वेळ, एका श्वासाचा. पण त्या घरात कोणी गात नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दाराआड काहीतरी जड कुशीवर वळलं. लाकूड करकरलं नाही, कपडा सरकला नाही. तरी कळलं की वळलं आणि जागं झालं. मग दाराची मूठ खाली यायला लागली. सावकाश. घरात कोणी झोपलेलं असताना त्याला जाग येऊ नये म्हणून आपण जशी मूठ दाबतो, तशी काळजीने.

तेव्हा बाईंनी तोंड उघडलं.

इतक्या महिन्यांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. तो आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. मी रेडिओवर मोठमोठे ऐकले आहेत. असा नाही ऐकला. त्या मला बाजूला सारून खळग्यांत जाऊन उभ्या राहिल्या, तोंड लाकडाशी. पाय बरोबर बसले.

मूठ आली तशी हळूहळू वर गेली.

९

मी पळालो असतो. जिना मोकळा होता, गळा बरा झाला होता, शोध संपला होता. बाईंनी एक हात मागे केला आणि आपल्या शेजारच्या फरशीकडे बोट दाखवलं.  त्या वयात तो सूर फार वेळ टिकणार नाही, हे आता मला त्यांच्याचमुळे ऐकू येत होतं.

मी शेजारी गेलो आणि सूर धरला. बाईंनी श्वास घेतला, तोच, लांबच लांब.

माझ्या पाठीमागे ड्रायव्हर जमिनीवर बसला होता. मी गाता गाता ऐकत राहिलो.

"किती वेळ झाला?" तो म्हणाला. बोलायला ओठ मिटावे लागतात, ते त्याला जमत नव्हतं.

"अकरा महिने," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, दुपार झाली."

 मग बाई म्हणाल्या, "जा तू." पावलं भिंत धरत धरत खाली गेली.

मी तीनपासून सातपर्यंत उभा राहिलो. मधे मधे बाई भरायच्या, मी श्वास घ्यायचो; जसजसा वेळ गेला तसतसं ते कमी कमी लागायला लागलं. लाकूड माझ्या तोंडासमोर होतं. एकदाच, सहाच्या सुमाराला, ते माझ्या ओठांसमोर ओलसर झालं. माझ्या श्वासाने झालं असेल. पलीकडून दुसरा सूर वगैरे काही आला नाही, तसं काही मला सांगायचं नाही. फक्त मी श्वास घ्यायला थांबायचो तेव्हा पलीकडेही कोणीतरी थांबतं आहे असं वाटायचं.

गळा बसला नाही.

सातला जिन्यावर पावलं वाजली. तो परत आला होता. डोक्यावरून पाणी घेतलेलं, डोळ्यांवर नवा चष्मा, काच पुसायची राहिलेली. आपणहून आला. का, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. त्यानेही ती मूठ खाली येताना बघितली होती.

"माफ करा, उशीर झाला," तो म्हणाला. "बागेत बाकावर झोप लागली." आणि माझ्या सुरात अलगद शिरला.

मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. बाईंनी मला पाण्याचा पेला दिला.

"काय आहे तिथे?"

"मला ज्यांनी शिकवलं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही कोणी सांगितलं नसेल."

"बाई, आमची मशीनं चोवीस तास चालतात," मी म्हटलं. एवढं सलग मी कोणाशी बोललो नव्हतो. "पण माणूस चोवीस तास नाही उभा करत कोणी. आठ तास झाले की बदली येतो. इथे चारच तास ठेवू. सहा माणसं लागतील. आपण तिघं आहोत. आणखी तिघं मिळाली की झालं. सगळी घरी जातील, जेवतील, झोपतील."

बाईंनी माझ्या हातून पेला परत घेतला. "एकालाच ठेवायचं असतं, असं मला शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "मला कधी सुचलंच नाही." मग म्हणाल्या, "पण सांगितलं तर कोण येईल?"

"मला नव्हतं सांगितलं."

"म्हणून तर आलास."

"पुढच्यांना सांगायचं," मी म्हटलं. "सगळं. नाही तर मी येणार नाही." बाईंनी मान हलवली. ते आमचं ठरलं.

१०

दुसऱ्या दिवशी मी कामावर सुट्टी टाकली. सकाळी एका जाड कागदावर लिहिलं, की मोठ्या माणसांना शास्त्रीय गाणं शिकवलं जाईल, गळ्याचा त्रास असणाऱ्यांनी जरूर यावं, आणि खाली पत्ता. वाद्यांच्या दुकानाबाहेर लोक जाहिराती लावतात त्या फळीवर तो टाचणीने लावला. कोणी वाचायला थांबलं तर सगळं सांगायचं, म्हणून तिथेच उभा राहिलो. काय बोलायचं ते घोकून आलो होतो.

दहाच्या सुमाराला एक बाई थांबल्या. नर्सचा पोशाख, चाळिशीच्या, रात्रभर काम करून आल्यासारख्या. कागद दोनदा वाचला.

"तुम्ही जाता का इथे?" त्यांचा आवाज असा निघाला की मला माझाच गेल्या वर्षीचा आठवला. घशात काच. "मी लहानपणी गायचे. चार ठिकाणी जाऊन आले. सगळे म्हणतात, वय झालं. कसं शिकवतात इथे?"

मी तोंड उघडलं. कपाळावर घाम आला, कान तापले. घोकलेलं सगळं जिभेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्या इतक्या आशेने बघत होत्या.

"माझा गळा त्यांनी वाचवला," मी म्हटलं.

ते खरंच होतं.

"देवच भेटला म्हणायचा," त्या हसल्या. पिशवीतून पेन काढून त्यांनी पत्ता तळहातावर लिहून घेतला. "आजच जाते. कितवा मजला?"

"तिसरा," मी सांगितलं.